सहा चुलींची खोली : मुंबईच्या घरटंचाईचा एक जुना वाद

इसवी सन 1896 च्या सप्टेंबर महिन्यात मांडवीच्या वखारींच्या आसपास जो विचित्र ताप फैलावला होता, तो ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा आहे, असे निदान मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी 23 तारखेला केले. त्या निदानाने सरकारी दप्तरात जी धावपळ उडाली, तिच्यातून शहराच्या आरोग्याचा जितका विचार झाला तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, शहरातील गोरगरिबांच्या घरांचा विचार प्रथमच झाला. तोपर्यंत मुंबईच्या कारभाऱ्यांना चाळ ही मालकाची मिळकत आणि म्युनिसिपालिटीच्या घरपट्टीचे साधन एवढ्याच नात्याने ठाऊक होती. तिच्या आत माणसे कशी निजतात, मोरी कोठे आहे, खिडकीतून उजेड येतो की नुसती समोरची भिंत दिसते, ह्याची चौकशी करण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. प्लेगने ते कारण पुरविले. तपासणीची पथके काळोख्या जिन्यांवरून वर चढू लागली, भिंतींना चुना आणि गटारांना औषधी पाणी मारू लागली, आणि जी घरे माणसांच्या राहण्यास नालायक ठरली त्यांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवून पुढे जाऊ लागली. ज्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती त्यांनाही त्यांचा अर्थ लवकरच कळला, कारण त्या दाराआडच्या बिऱ्हाडाला बाहेर पडावे लागे, मात्र कोठे जावे हे त्या अक्षरांत लिहिलेले नसे.

शहर सोडून जे लोक कोकणात, घाटावर आणि गुजरातेत पळाले त्यांची संख्या काही लाखांच्या घरात गेली. 1891 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 8,21,764 होती, ती 1901 मध्ये 7,76,006 भरली. परंतु ही घट तात्पुरती होती. कापसाचे आणि सुताचे शहर मजुरांवाचून चालत नाही हे गिरणीमालकांना जितके ठाऊक होते तितकेच रत्नागिरीच्या कुळवाड्यालाही ठाऊक होते. 1911 मध्ये हीच संख्या 9,79,445 झाली आणि 1921 मध्ये 11,75,914. म्हणजे वीस वर्षांत चार लाख माणसे वाढली. ती कोठे राहिली, ह्याचे उत्तर शोधण्यात तीन दशके, दोन सरकारी यंत्रणा आणि कोट्यवधी रुपये खर्ची पडले.

त्यांतील पहिली यंत्रणा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीतली. 1898 च्या चौथ्या कायद्याने त्यांनी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. ग्लासगो शहराने गलिच्छ वस्त्या पाडण्यासाठी तीसएक वर्षांपूर्वी असाच ट्रस्ट काढला होता, तो डोळ्यांपुढे होता. रुंद रस्ते काढावेत, दाट वस्त्या मोडून हवा खेळती करावी, समुद्र हटवून नवी जमीन काढावी आणि गरिबांसाठी आरोग्यकारक घरे बांधावीत, अशी त्याची कामे कायद्यात नमूद होती. ह्यांतील शेवटचे काम यादीतही शेवटी होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवलेली बरी. वाद मात्र पहिल्याच दिवशी निघाला तो घरांवरून नव्हे. लोकनियुक्त म्युनिसिपालिटी अस्तित्वात असताना, आणि 1888 च्या कायद्याने तिला फिरोजशहा मेहतांसारख्या पुरुषांच्या परिश्रमाने काही स्वायत्तता लाभलेली असताना, सरकारनियुक्त अध्यक्षाच्या हाती तिच्याच जमिनी आणि तिच्याच पैशाचा हिस्सा देणारा हा दुसरा दरबार कशासाठी, असा प्रश्न कॉर्पोरेशनच्या अभिमान्यांनी केला. त्या आक्षेपात तथ्य होते. परंतु ज्या कॉर्पोरेशनच्या वतीने तो केला जात होता, तिचे मतदार मुख्यतः घरपट्टी भरणारे मालकच होते, आणि काळोख्या खोल्या ज्यांच्या होत्या तेच त्या खोल्यांच्या सुधारणेचे पंच व्हावेत हे कितपत न्याय्य, असा उलट प्रश्न सरकारपक्षाला विचारता येत होता. त्याने तो विचारला. भाडोत्र्याला मत नव्हते, म्हणून त्याचे मत ह्या वादात कोणत्याच बाजूने पुढे आले नाही.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. पुढे सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, सिडनॅम रोड हे रस्ते निघाले. आज सरदार पटेल, शामळदास गांधी आणि मोहंमद अली यांची नावे धारण करणाऱ्या ह्या रस्त्यांवरून जाताना, त्यांच्या रुंदीत किती खोल्या गाडल्या गेल्या आहेत हे कोणाच्या मनातही येत नाही. रस्ता सरळ काढायचा म्हणजे वाटेत येईल ते घर पाडायचे. घर पाडले म्हणजे मालकाला मोबदला मिळे, भाडोत्र्याला नोटीस मिळे. आगरीपाडा, परळ वगैरे ठिकाणी ट्रस्टने चाळी बांधल्या खऱ्या, आणि त्या जुन्या चाळींहून पुष्कळच बऱ्या होत्या. परळच्या पोयबावडीवरील अशाच एका चाळीत दोन लहान खोल्या घेऊन रामजी सकपाळांचे कुटुंब राहिले, आणि त्याच खोल्यांतून भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले व परत येऊन तेथेच राहिले. परंतु पाडलेल्या खोल्यांची बेरीज बांधलेल्या खोल्यांच्या बेरजेच्या पुढेच राहिली. नोटिशीने बाहेर पडलेले बिऱ्हाड ट्रस्टच्या दूरच्या चाळीत न जाता पलीकडच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत, पोटभाडेकरू म्हणून शिरे, आणि दोन वर्षांनी ती गल्ली तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याला पूर्वीच्या गल्लीहून दाट आढळे.

ह्यात आणखी एक चमत्कार होता. सक्तीने घेतलेल्या इमारतीचा मोबदला तिच्या उत्पन्नावरून ठरे, आणि उत्पन्न म्हणजे भाडे. ज्या मालकाने माळ्यावर माळा चढवून, चौकात खोपटी उभारून, जिन्याखालची जागासुद्धा भाड्याने दिली असेल त्याचे उत्पन्न अर्थातच अधिक, म्हणून त्याचा मोबदलाही अधिक. ज्याने अंगण मोकळे ठेवले त्याला त्या शहाणपणाचा भुर्दंड. गलिच्छपणा नाहीसा करण्यासाठी उभारलेला खजिना अशा रीतीने गलिच्छपणालाच बाजारभावाने पैसे मोजीत होता, आणि योजना जाहीर झाल्यापासून ताबा घेईपर्यंत जी वर्षे जात त्यांत मालकवर्ग स्वस्थ बसत नसे.

हे सर्वांत स्पष्टपणे ओळखणारा माणूस ट्रस्टच्याच खुर्चीवर बसलेला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर हे सिव्हिल सर्व्हिसमधले गृहस्थ चिकाटीचे आणि थोडेसे छांदिष्ट होते. उजेडाचा त्यांना ध्यासच लागला होता. समोरच्या भिंतीच्या माथ्यापासून आपल्या खोलीच्या पायथ्यापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर त्या खोलीला पुरेसे आकाश मिळत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे पाहिजे. ट्रस्टच्या चाळी ह्या मापाने बांधल्या गेल्या. ऑरसाहेब नकाशे घेऊन व्याख्याने देत, अंधारी खोली आणि मृत्यूचे प्रमाण ह्यांचा संबंध दाखवीत, आणि 1917 मध्ये नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगपुढे बोलताना त्यांनी समाजसुधारणेचे आणि गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेचे नाते सांगितले. आपल्या मोहिमेचे त्यांनी दोन भाग कल्पिले होते. दाट वस्ती पाडून नवी बांधणे हा प्रत्यक्ष हल्ला, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून देऊन शहरातली गर्दी तिकडे ओढून घेणे हा अप्रत्यक्ष हल्ला. दुसरा स्वस्त पडतो, म्हणून तो त्यांना अधिक प्रिय होता. शिवाय प्रत्येक अंधारी खोली मालकाच्या खर्चाने बंद करवावी, सरकारने मोबदल्याची खैरात करू नये, हेही त्यांचे म्हणणे होते. ते मात्र मालकांनी भरलेल्या सभागृहाच्या पचनी पडण्यासारखे नव्हते.

माटुंग्याचा हल्ला यशस्वी झाला, पण शत्रू चुकला. दादर-माटुंग्याला जी टुमदार घरे झाली, हिंदू कॉलनी झाली, पारशी कॉलनी झाली, ती कारकुनांची, वकिलांची, दक्षिणेकडून आलेल्या लिहित्या लोकांची. ती माणसे गर्दीतून निघून गेली हे खरे, पण त्यांनी मोकळ्या केलेल्या खोल्यांचे भाडे गिरणगावच्या हातमजुराला परवडणारे नव्हते, आणि त्याला माटुंग्याला जाणे तर त्याहून परवडणारे नव्हते.

त्याचे कारण समजून घेतल्याखेरीज पुढचा सगळा घोटाळा समजणार नाही. गिरणीत कायम असलेला मजूर पहाटे भोंग्याला दारात हजर पाहिजे. बदलीवाला तर त्याहून आधी, कारण जॉबर, म्हणजे मुकादम, दारात उभा राहून त्या दिवसापुरती माणसे निवडतो, आणि जो समोर नाही त्याचे नाव त्याला आठवत नाही. ट्रामचे भाडे रोजच्या मजुरीला कात्री लावते. वाणी उधारीने धान्य देतो तो ओळखीवर, आणि ओळख गल्ली बदलली की संपते. खाणावळवाली बाई महिन्याच्या पगारापर्यंत थांबते ती गाववाला म्हणून. कोकणातल्या कित्येक गावांनी मिळून खोल्या घेतल्या होत्या, त्यांत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने निजत, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. धोबीतलावाच्या बाजूला गोव्याच्या गावांच्या ‘कूड’ होत्या त्याही ह्याच जातीच्या. गिरणीच्या भिंतीपासून पायी पंधरा-वीस मिनिटांत गाठता येईल एवढेच त्या माणसाचे मुंबई शहर होते, आणि त्याबाहेर बांधलेले घर त्याच्या दृष्टीने दुसऱ्या गावात बांधलेले घर होते.

त्या शहरात काय चालले होते ते एका सरकारी पाहणीतच नमूद आहे. गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स नामक लेडी डॉक्टरने एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद खोली पाहिली. आत सहा कुटुंबे राहात होती. त्यांच्या सहा चुली जमिनीवर वेगवेगळ्या मांडलेल्या तिने मोजल्या, आणि विचारपूस केल्यावर मोठी-लहान मिळून माणसे तीस असल्याचे तिला कळले. बायका सहा, त्यांतल्या तिघींचे दिवस भरत आले होते. बाळंतपण कोठे करणार असे विचारता तीन-चार फुटांचा एक कोपरा दाखविण्यात आला. तेवढ्या जागेला आडोसा केला की ती बाळंतिणीची खोली. मजुरांच्या अशा राहणीचा विचार पुढे मजूरविषयक रॉयल कमिशननेही केला, ज्या कमिशनवर ना. म. जोशी स्वतः सभासद होते. 1911 च्या शिरगणतीप्रमाणे शहरातील शेकडा सत्तरच्या आसपास माणसे एकखणी बिऱ्हाडात राहात होती, हा आकडा सभागृहांत आणि अहवालांत वारंवार फिरला. पण सहा चुलींची ती खोली जे सांगते ते त्या आकड्याने सांगितले नाही.

महायुद्धाने ह्या तंग स्थितीला अखेरचा पीळ दिला. बांधकामाचे सामान महागले, नवी घरे थांबली, व्यापारात पैसा खेळू लागला, आणि मालकांनी भाडी वाढविण्याचा सपाटा लावला. तेव्हा 1918 मध्ये सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि लहान जागांची भाडी 1 जानेवारी 1916 च्या पातळीवर बांधून टाकली. मालकांची बाजू अशी की भाडे गोठले म्हणजे कोणी शहाणा माणूस चाळ बांधणार नाही, दुरुस्ती करणार नाही, आणि टंचाईवर औषध म्हणून केलेला कायदाच टंचाईचे मूळ होऊन बसेल. भाडोत्र्यांचे कैवारी म्हणत की चाळमालक कायद्यापूर्वी तरी कोठे दुरुस्ती करीत होते, आणि उद्याच्या चाळीच्या आशेने आजचे बिऱ्हाड रस्त्यावर काढता येत नाही. दोन्ही पक्ष खरे बोलत होते हीच पंचाईत होती. दरम्यान, भाड्याच्या पावतीवर जे मिळत नाही ते पावतीवाचून घेण्याचा मार्ग मुंबईकर मालकाने शोधलाच. खोलीची किल्ली देताना हातावर ठेवावयाची ती ‘पागडी’ पुढे ह्या शहराच्या घरव्यवहाराची अलिखित घटना बनली.

1919 च्या जानेवारीत लाखाहून अधिक गिरणीकामगार संपावर गेले. नुकतेच आलेले गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हे धडाडीचे, घाईचे, आणि मोठ्या आकड्यांची आवड असलेले गृहस्थ. मजुरांच्या असंतोषाचे एक मूळ त्यांच्या राहणीत आहे हे त्यांना पटले, आणि ट्रस्ट व म्युनिसिपालिटी दोघांनाही बाजूला सारून त्यांनी 1920 मध्ये ‘डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ नावाचे नवे खातेच उभे केले. आठ वर्षांत पन्नास हजार एकखणी बिऱ्हाडे बांधावयाची. पैसा कर्जाने उभारावयाचा, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवून तोटा भरून काढावयाचा. ज्या कापसासाठी मजूर शहरात आला त्याच कापसाने त्याचे छप्पर घालावे, ही कल्पना काव्यमय म्हणता येईल. व्यापाऱ्यांनी ती तशी घेतली नाही. गिरणीत जाणाऱ्या आणि परदेशी जाणाऱ्या गाठींवर सारखाच बोजा का, मजुरांची घरे बांधणे हे सरकारचे काम की गिरणीमालकांचे, आणि सरकारी चाळी झाल्या म्हणजे मालकांना मजुरी न वाढविण्यास निमित्तच मिळणार नाही काय, असे प्रश्न निघाले. ह्यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्याचा विचार सर्वांत कमी झाला. म्युनिसिपालिटीच्या मताधिकाराची कक्षा 1922 मध्ये वाढली तीही दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्यापर्यंत येऊन थांबली, म्हणजे त्याहून कमी भाड्याच्या खोलीतला मजूर, ज्याच्या नावाने हे सगळे चालले होते, दारातच राहिला.

त्याच खात्याने कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत समुद्र हटवून 1145 एकर जमीन काढण्याचा बॅकबेचा डावही मांडला होता. दगडी बांधाच्या फटींतून आत ओतलेला चिखल परत समुद्रात जाऊ लागला, अंदाजपत्रके फुगली, आणि लोकांनी त्या योजनेला लॉइडसाहेबांच्या खुळाचे नाव दिले. खुर्शेद नरिमन यांनी खात्याच्या कारभारावर जाहीर आरोप केले. हार्वे नावाच्या इंजिनिअराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली, आणि नरिमन तीतून निर्दोष सुटले. त्या गाजावाजात डायरेक्टोरेटच्या चाळींचा प्रश्न मात्र कोपऱ्यात पडला. समुद्रात पैसा बुडाला हे सर्वांना दिसत होते. चाळीत तो कसा बुडतो हे पाहण्यास वरळीपर्यंत जावे लागे.

वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी ह्या चार ठिकाणी मिळून अखेर 207 चाळी उभ्या राहिल्या, आणि त्यांतील खोल्या सुमारे साडेसोळा हजार. पन्नास हजारांचा संकल्प एवढ्यावर येऊन थांबला. चाळ तळमजल्यासह चार मजल्यांची, मध्ये लांब बोळ, दोहो बाजूंस खोल्या, मजल्याच्या टोकाशी नळ आणि संडास. बांधणी सिमेंट-काँक्रीटची, म्हणून ती दीर्घकाळ टिकली. मोकळ्या हवेचा हिशेब ऑरसाहेबांच्या शिकवणुकीने कागदावर चोख होता, पण खिडकीच्या जागी सिमेंटच्या पट्ट्या बसविल्या होत्या. त्यांतून उजेड बेताचा येई, आणि पावसाचे पाणी भरपूर. ऐंशी-ऐंशी खोल्यांच्या ह्या ठोकळ्यांवर माणसांची वखार असा शेरा मारला गेला. त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस, जे वस्ती सरसकट पाडण्याऐवजी तिच्यातील जगण्यासारखे ते राखून नेमकेपणाने शस्त्रक्रिया करावी असे आयुष्यभर सांगत आले, त्यांना असले बांधकाम मुळीच मानवणारे नव्हते. पण चाळींचा खरा निकाल लावला तो भाडोत्र्याने. डिलाईल रोडच्या आणि नायगावच्या खोल्या गिरण्यांच्या सावलीत होत्या, त्या भरत गेल्या. वरळीला बाजार नव्हता, वाटेवर दिवे नव्हते, गिरणी लांब होती आणि खोलीचे भाडे जुन्या चाळीहून जास्त होते. खर्चावर आधारलेले भाडे घ्यावे तर कोणी येईना, ते उतरवावे तर गाठीमागे घेतलेला रुपया पुरेना. भाडी उतरविली, तरीही खोल्या शेकड्यांनी रिकाम्या राहिल्या. बारा-पंधराच्या खोलीत सहा चुली पेटत असताना वरळीच्या खोल्यांना कुलपे होती, हे त्या सर्व वर्षांतले सर्वांत बोलके दृश्य असून, सरकारी अहवालांनी त्याला मागणीचा अभाव हे शास्त्रशुद्ध नाव दिले.

पुढे 1930 मध्ये कायदेभंगाची चळवळ पेटली आणि मुंबईचे तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारला वरळीच्या ह्या मोकळ्या चाळींची आठवण झाली. काटेरी तारा ओढून त्यांचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला, आणि गिरणीकामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही राहून गेले. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट 1933 मध्ये म्युनिसिपालिटीत विलीन झाला, म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी कॉर्पोरेशनने मागितले होते ते तिला मिळाले, आणि त्याबरोबर ट्रस्टच्या चाळींची दुरुस्तीही मिळाली. वरळीच्या खोल्या कालांतराने भरल्या. त्या वेळी त्यांच्या आसपास बाजार झाला होता, मोटारगाड्या धावू लागल्या होत्या, आणि गावाकडून आलेल्या माणसाला निवड करण्याची चैन उरली नव्हती. अन्य चाळींत ज्यांना खोली मिळत नसे अशा अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कुटुंबांनी तेथे मोठ्या संख्येने बिऱ्हाडे केली, आणि चाळींच्या मधल्या पटांगणांत सभा, भजने, कुस्त्या आणि तालमी ह्यांनी जी वस्ती घडली ती कोणत्याही डायरेक्टरच्या नकाशात नव्हती. डिलाईल रोडला पुढे ना. म. जोशींचेच नाव मिळाले.

भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा दरम्यान मुदतवाढी घेत घेत विशीच्या अखेरीस संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर 1939 मध्ये नवा आला, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी 1947 चा सत्तावन्नावा कायदा आला. त्याने प्रमाणभाडे 1 सप्टेंबर 1940 च्या तारखेला बांधले आणि पागडी घेणे हा गुन्हा ठरविला. तोही थोड्या वर्षांच्या मुदतीचा होता. मुदती वाढत गेल्या, मंत्रिमंडळे बदलली, मालकांच्या दरखास्ती आणि भाडोत्र्यांचे मोर्चे दोन्ही थकले नाहीत, आणि अखेर 31 मार्च 2000 रोजी त्याची जागा नव्या भाडेनियंत्रण कायद्याने घेतली. त्याने जुन्या कुळांना संरक्षण कायम ठेवले, मालकाला दरसाल चार टक्के वाढ दिली, आणि पागडी कायदेशीर केली.